पोलिसांच्या नोंदीतून नाव ‘काढणे’: कायद्यात काय शक्य आहे आणि काय नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती तुम्हाला लगेच दिसेल. सांगली जिल्ह्यातल्या तुमच्या गावात मे २०१९ च्या अखेरीस शेताच्या बांधावरून भावकीत मारामारी झाली. फिर्यादीत वडील, चुलते आणि तुम्ही अशा तिघांची नावे आली आणि भारतीय दंड संहितेची ३२४, ३२३, ५०४, ५०६ व ३४ (हत्याराने दुखापत, साधी दुखापत, अपमान, धमकी आणि समान इरादा) ही कलमे लागली. दोषारोपपत्र दाखल झाले, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालला, मधल्या काळात भावकीत समझोता झाला, फिर्यादी आणि साक्षीदार फितूर झाले आणि २०२३ मध्ये तिघांचीही निर्दोष मुक्तता झाली. आता पोलीस शिपाई भरतीत तुमची निवड झाली आहे, साक्षांकन नमुना (स्वतःविषयीची व आधीच्या गुन्ह्यांची माहिती लिहून देण्याचा अर्ज) भरून द्यायचा आहे, आणि पोलिसांच्या संगणकावर तो गुन्हा अजूनही न्यायप्रविष्ट दिसतो आहे. एका माणसाने ४० हजार रुपयांत ‘सिस्टिममधून नाव उडवून देतो’ असे सांगितले आहे. पुढे पासपोर्टही काढायचा आहे. आणि जाता जाता तुम्ही चुलतभावाचे विचारले आहे, ज्याने जुगाराच्या केसमध्ये लोकअदालतीच्या दिवशी ३०० रुपये दंड भरून प्रकरण मिटवले.

सांगलीत फौजदारी बाजूने वकिली करताना मला २७ वर्षे झाली, आणि ‘रेकॉर्ड क्लिअर करून द्या’ ही मागणी घेऊन दर भरतीच्या हंगामात मुले येतात. प्रत्येकाला पहिल्यांदा एकच गोष्ट सांगावी लागते, ती तुम्हालाही सांगतो. प्रौढ माणसाविरुद्ध एकदा नोंदवलेला गुन्हा ठरावीक वर्षांनी किंवा अर्ज केल्यावर नोंदवहीतून पुसला जाईल, अशी सर्वसाधारण तरतूद भारतीय कायद्यात नाही. काही देशांत तसे कायदे आहेत, त्यांच्याविषयीचे वाचून आपल्याकडेही तसेच असेल असा समज होतो. आपल्याकडे प्रथम खबर, दोषारोपपत्र आणि निकाल हे दस्तऐवज राहतातच; बदलता येते ती त्या नोंदीची शेवटची ओळ. ती ओळ ‘न्यायप्रविष्ट’ आहे, ‘दोषी’ आहे, ‘निर्दोष’ आहे की ‘गुन्हा रद्द’ आहे, यावर नोकरी आणि पासपोर्ट अवलंबून असतात. म्हणून तुमचा खरा प्रश्न नाव काढण्याचा नसून दोन गोष्टींचा आहे: शेवटची ओळ बरोबर लिहून घेणे, आणि ती नियुक्ती देणाऱ्यापुढे खरेपणाने व कागदांसह मांडणे.

परंतु तुमच्या बाबतीत तिसरीही एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या स्वतःच्या ध्यानात आलेली दिसत नाही. तुम्ही ओघात लिहिले आहे की घटना घडली तेव्हा तुमची अकरावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि तुमचा जन्म ऑगस्ट २००२ चा आहे. याचा हिशेब केला तर मे २०१९ मध्ये तुमचे वय १६ वर्षे ९ महिने होते. फिर्यादीत मात्र, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, तुमचे वय १९ वर्षे नोंदवले गेले. खेड्यातल्या भांडणाच्या फिर्यादीत वय अंदाजाने सांगितले जाते आणि अंदाजानेच लिहिले जाते. पुढे दोषारोपपत्रात तोच आकडा उतरतो, आणि सगळे एकाच घरचे आरोपी असल्यामुळे त्यांचे वकीलपत्रही एकच असते, तेव्हा धाकट्याच्या वयाकडे कोणी वेगळे पाहत नाही. मी स्वतः अशी दोन प्रकरणे पाहिली आहेत. दोन्हींत आईवडिलांना मुलाची जन्मतारीख पाठ होती, पण ती कोणी विचारलीच नव्हती.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार, गुन्हा घडल्याच्या दिवशी ज्याला १८ वर्षे पूर्ण झालेली नाहीत तो विधिसंघर्षग्रस्त बालक ठरतो. खटल्याच्या किंवा निकालाच्या वेळी तो किती वर्षांचा होता, याला महत्त्व नाही. अशा मुलाचा खटला प्रौढ आरोपींबरोबर चालवता येत नाही, हे कलम २३ स्पष्ट सांगते. वडिलांवर आणि चुलत्यांवर गुन्हा नोंदवण्यात पोलिसांचे काही चुकले नव्हते, आणि मुलाने प्रौढांसमवेत केलेल्या कृत्याबाबत खबर नोंदवण्यालाही नियमांत जागा आहे. पण तुमच्यापुरते प्रकरण वेगळे काढून बाल न्याय मंडळापुढे जायला हवे होते. कलम ३२४ ला जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा असल्याने ते मंडळापुढे किरकोळ गुन्हा म्हणून आले असते, आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी ४ महिन्यांत, फार तर आणखी २ महिन्यांत पूर्ण झाली नाही तर ती कलम १४ नुसार संपुष्टात येते. तुम्ही मात्र चार वर्षे वडिलांच्या शेजारी आरोपी म्हणून तारखांना उभे राहिलात. हे व्हायला नको होते, आणि तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत जास्त वाईट याचेच वाटले.

याचा आता काय उपयोग, असे तुम्ही म्हणाल, कारण तुम्ही निर्दोष सुटलेलेच आहात. उपयोग दोन ठिकाणी आहे. पहिला असा की कलम २४ नुसार, ज्या बालकाचे प्रकरण या अधिनियमाखाली हाताळले गेले आहे, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही, आणि त्या दोषसिद्धीच्या नोंदी अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करण्याचे आदेश मंडळाने द्यायचे असतात. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील मुलाच्या निर्घृण गुन्ह्याचा, तोही प्रौढाप्रमाणे खटला चालला असेल तर. आपल्याकडे ‘नोंद नष्ट करणे’ हे शब्द कायद्यात जिथे खरोखर सापडतात, अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे. दुसरा उपयोग तुमच्या अधिक कामाचा आहे. कलम ७४ च्या पोटकलम २ नुसार, निकाली निघालेल्या प्रकरणातील बालकाची कोणतीही नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा अन्य कारणासाठी उघड करायची नाही. म्हणजे वय सिद्ध झाले, तर तुमच्या पडताळणी अहवालात हा गुन्हा दाखवण्यालाच कायद्याची मनाई आहे.

वय सिद्ध करण्याचा मार्ग खुला आहे, कारण कलम ९ नुसार वयाचा दावा कोणत्याही न्यायालयापुढे आणि कोणत्याही टप्प्यावर, अगदी प्रकरण अंतिमतः निकाली निघाल्यानंतरही करता येतो. पुराव्याचा क्रम कलम ९४ मध्ये ठरवून दिला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. तुमच्याकडे दहावीचे प्रमाणपत्र आहे, त्यामुळे वैद्यकीय तपासणीची वेळ येणार नाही. आधारकार्ड मात्र यासाठी पुढे करू नका. या यादीत त्याला स्थान नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे तेही मोकळेपणाने सांगतो. अर्ज ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी निकाल दिला त्यांच्याकडेच करावा असे माझे मत आहे, कारण मूळ कागद तिथे आहेत आणि खर्च कमी येतो. परंतु निर्दोष सुटलेल्या माणसाच्या वयाची चौकशी आता कशाला, आमचे काम संपले, असे उत्तर तिथे मिळू शकते. तसे झाले तर उच्च न्यायालयाकडे जावे लागेल. पूर्वी त्यासाठी सांगलीकरांना मुंबई गाठावी लागत असे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची कामे तिथे चालतात. तुमचे प्रकरण मंडळाखाली ‘हाताळले’ गेलेलेच नाही, तेव्हा कलम २४ चे संरक्षण तुम्हाला शब्दशः लागू होते का, असा आक्षेपही समोरचा वकील घेईल. यंत्रणेच्या चुकीमुळे मुलाचे संरक्षण बुडू नये हा त्यावरचा प्रतिवाद मला भक्कम वाटतो. २०१९ मध्ये रमेश बिश्नोई यांच्या प्रकरणात, निमलष्करी दलात निवड झालेल्या तरुणावर अल्पवयीन असताना झालेल्या आरोपांवरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. तरीही निकाल काय लागेल याची हमी मी देत नाही, आणि जो वकील देईल त्याच्यापासून सावध राहा.

यावरून तुम्हाला वाटेल की मग साक्षांकन नमुन्यात ‘गुन्हा नाही’ असे लिहून मोकळे व्हावे. तसे मुळीच करू नका, आणि यामागचे कारण मी जरा विस्ताराने सांगतो, कारण मुलांच्या नोकऱ्या गुन्ह्यापेक्षा या एका शब्दाने जास्त गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला. त्याच्यावर महाविद्यालयातल्या भांडणाचा गुन्हा होता, तो तडजोडीने मिटलेला होता आणि तसा आदेशही त्याच्या हातात होता. गावातल्या कोणीतरी सांगितले की मिटलेले प्रकरण लिहायचे नसते, म्हणून त्याने नमुन्यात ‘नाही’ लिहिले. प्रशिक्षण सुरू असताना पडताळणी अहवाल आला आणि त्याला काढून टाकण्यात आले. आदेशात गुन्ह्याविषयी अर्धी ओळ होती आणि माहिती लपवल्याविषयी पूर्ण पान. त्याने खरे लिहिले असते तर, माझी खात्री आहे, इतके किरकोळ प्रकरण दुर्लक्षिले गेले असते.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात जी सूत्रे घालून दिली, तीच आजही पायाभूत आहेत. अटक, खटला किंवा दोषसिद्धी यांविषयी नमुन्यात जे विचारले आहे त्याचे उत्तर खरे असले पाहिजे, आणि जेवढे नेमके विचारले आहे तेवढेच सांगण्याचे बंधन उमेदवारावर आहे. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखे किंवा अन्य किरकोळ प्रकरण लपवले गेले असेल, तर नियोक्ता ते माफ करू शकतो. मात्र उमेदवाराने निकाली प्रकरणाची खरी माहिती दिली, तरी त्याची पार्श्वभूमी तपासण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो आणि नेमणूक द्यायलाच हवी अशी सक्ती करता येत नाही. हा शेवटचा भाग कडू आहे, पण तो माहीत असलेला बरा. खरे लिहिल्याने नोकरी मिळेलच असे नाही. खोटे लिहिल्याने मात्र ती केव्हाही, दहा वर्षांनीसुद्धा, जाऊ शकते. लपवाछपवी झाली म्हणून प्रत्येकाला आपोआप काढावेच असे नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पवन कुमार यांच्या प्रकरणात घेतली खरी, परंतु तो बुडत्याचा आधार आहे. त्यावर भरवसा ठेवून पाण्यात उतरू नये.

अल्पवयीन असतानाच्या खटल्याची माहिती उमेदवाराकडून मागणेच चुकीचे आहे, असा दृष्टिकोन अलाहाबाद उच्च न्यायालयाने घेतलेला आहे, आणि मला तो पटतो. पण तुमचे वय आज कोणत्याही न्यायालयाने ठरवलेले नाही आणि नोंदीत तुम्ही १९ वर्षांचे आहात. अशा स्थितीत मौन बाळगणे म्हणजे सिद्ध न झालेल्या हक्कावर नोकरी पणाला लावणे होय. म्हणून मी तुम्हाला नमुन्यात, किंवा जागा कमी पडल्यास सोबतच्या कागदावर, पुढील आशयाचे लिहायला सांगेन: ‘अमुक पोलीस ठाणे, गु.र.नं. अमुक/२०१९ या गुन्ह्यात माझे नाव आरोपी म्हणून होते. त्यातील फौजदारी खटला क्रमांक अमुक यात दिनांक अमुक रोजी माझी निर्दोष मुक्तता झाली आहे. घटनेच्या दिवशी माझे वय १६ वर्षे ९ महिने होते. निकालाची प्रमाणित प्रत व दहावीचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. ही माहिती देताना बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ व ७४ खालील माझे हक्क मी सोडून देत नाही.’ शेवटचे वाक्य गाळू नका. पुढे वाद झाला तर त्याचा उपयोग होईल.

निर्दोष मुक्ततेच्या प्रकाराविषयी एक शंका तुमच्या मनात कोणीतरी पेरलेली दिसते: ती ‘सन्मानपूर्वक’ आहे की ‘संशयाचा फायदा’ देऊन झालेली. फौजदारी प्रक्रिया संहितेत सन्मानपूर्वक मुक्तता असा शब्दप्रयोग नाही. मुक्तता ही मुक्तताच असते. तो फरक नोकरीविषयक निवाड्यांतून आला आहे, आणि पोलीस दलाच्या बाबतीत न्यायालये तो गांभीर्याने घेतात. २०१३ च्या मेहर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिस्तीच्या दलात येणाऱ्याची पार्श्वभूमी पडताळणी समितीने तपासणे योग्यच आहे, आणि तडजोडीने किंवा साक्षीदार फितूर झाल्याने झालेली सुटका तेवढ्यावरून निर्णायक ठरत नाही. उलट २०११ च्या संदीप कुमार प्रकरणात, घरभाड्याच्या वादातून दाखल झालेला कलम ३२५ चा (गंभीर दुखापतीचा) गुन्हा तडजोडीने मिटलेल्या आणि तो अर्जात न लिहिलेल्या तरुणाला तरुणपणीच्या चुकीसाठी आयुष्यभर शिक्षा नको, या भूमिकेतून दिलासा मिळाला होता. दोन्ही निवाडे दिल्ली पोलिसांच्या भरतीतले आहेत. तुम्ही त्यांपैकी कोणत्या बाजूला बसाल, हे तुमच्या निकालपत्रात काय लिहिले आहे त्यावर ठरेल. म्हणून निकालाचा फक्त शेवटचा आदेश न वाचता पूर्ण निकालपत्र वाचा. वैद्यकीय पुराव्यात तुमच्या हातून झालेली दुखापत नमूद आहे का, पंचांनी हत्यार जप्तीला दुजोरा दिला का, फिर्यादीने तुमच्याविषयी नेमके काय सांगितले, ते पाहा. तुमचे नाव केवळ कलम ३४ च्या आधारे आले असेल आणि तुमच्या हातून कोणतीही कृती झाल्याचा पुरावा नसेल, तर अर्जात तो परिच्छेद उद्धृत करा. निर्णय तुमच्या जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, म्हणजे घटकप्रमुख, घेणार आहेत, आणि त्यांच्यापुढे नेमका परिच्छेद ठेवलेला असला की ते तो वाचतात, असा माझा अनुभव आहे.

निवड नाकारलीच, तर आदेश लेखी आणि कारणांसह मागून घ्या. राज्य सेवेतल्या नियुक्तीचा वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे जातो आणि त्यासाठी साधारणतः आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. तोंडी ‘तुमचे होणार नाही’ एवढ्यावर परत येऊ नका.

आता संगणकावरील नोंदीकडे येतो. गुन्ह्यांची माहिती सीसीटीएनएस या देशव्यापी प्रणालीत भरली जाते, आणि मुक्ततेनंतरही गुन्हा न्यायप्रविष्ट दिसण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: निकाल न्यायालयातून पोलीस ठाण्यापर्यंत कागदोपत्री पोहोचलेला नसतो किंवा पोहोचूनही कोणी भरलेला नसतो. यासाठी कोणालाही पैसे देण्याची गरज नाही. आधी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाच्या किमान तीन प्रमाणित प्रती घ्या. त्यांपैकी एक जोडून पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, त्यात गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक व निकालाची तारीख लिहून नोंद अद्ययावत करण्याची विनंती करा, आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय ठाणे अंमलदाराच्या टेबलापासून हलू नका. ठाण्याचा पैरवी अंमलदार रोज न्यायालयात असतो. त्याची गाठ घेतली तर काम लवकर होते. पंधरा दिवसांत बदल दिसला नाही, तर त्याच अर्जाची प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या. स्वतःच्या प्रकरणातल्या नोंदीची सद्यःस्थिती माहिती अधिकारातही मागता येते. या मार्गाने नोंद नाहीशी होणार नाही, पण तिची शेवटची ओळ ‘निर्दोष मुक्तता’ अशी होईल.

४० हजार मागणाऱ्या माणसाविषयी माझे म्हणणे अगदी स्पष्ट आहे. तो जे करतो म्हणतो ते एक तर खोटे आहे, किंवा खरे असेल तर शासकीय नोंदीशी केलेली छेडछाड आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत यंत्रणेला कळवले असेल तरच त्याला सूट आहे. ज्याला पोलीस व्हायचे आहे त्याच्या नावावर निकाली निघालेल्या बांधाच्या भांडणाऐवजी लाचेचा नवा गुन्हा चढावा, याहून मोठे नुकसान नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तो माणूस पुन्हा आला तर त्याचा उपयोग करा.

बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले गेले असतील, तर त्याचा नियम निराळा आहे आणि तुमच्या बाजूचा आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमानुसार अशी मापे ७५ वर्षे जतन करता येतात. परंतु पूर्वी दोषी न ठरलेली व्यक्ती खटल्याविना सुटली, दोषमुक्त झाली किंवा निर्दोष ठरली, आणि सर्व कायदेशीर उपाय संपले, तर न्यायालयाने लेखी कारणे देऊन वेगळा आदेश दिल्याखेरीज ती नष्ट करायची असतात. १९२० च्या जुन्या कायद्यातही असेच तत्त्व होते. तसा अर्ज पोलिसांकडे वेगळा द्या, नोंद अद्ययावत करण्याच्या अर्जात मिसळू नका.

पासपोर्टची चिंता त्या मानाने कमी आहे. पासपोर्ट अधिनियमाच्या कलम ६ नुसार अडथळा येतो तो फौजदारी न्यायालयात कार्यवाही प्रलंबित असेल तर, किंवा मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल तर. तुमचे दोन्ही नाही. नोंद अद्ययावत झाली की पडताळणीत अडचण येऊ नये, आणि आली तर प्रमाणित प्रत दाखवा. ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाची परवानगी घेऊन मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. परदेशी व्हिसाचे अर्ज मात्र काळजीपूर्वक वाचा. अमेरिकेच्या अर्जात कधीही अटक झाली होती का असे विचारतात, आणि तिथे निर्दोष सुटलो म्हणून ‘नाही’ लिहिणे चुकीचे ठरते.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या, पण खटला अजून चालू असलेल्या वाचकांसाठी थोडे लिहितो. कलम ३२३, ५०४ व ५०६ हे तडजोडपात्र गुन्हे आहेत आणि तडजोडीचा परिणाम कायद्याने निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. कलम ३२४ मात्र त्या यादीत नाही. म्हणूनच गावात समझोता होऊनही लोक साक्षीदार फितूर करतात, आणि हाती संशयाच्या फायद्याची मुक्तता येते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हाच रद्द करून घेणे चांगले. २०१२ च्या ग्यान सिंग निवाड्याने खासगी स्वरूपाच्या वादांत, गुन्हा तडजोडपात्र नसला तरी, तसा अधिकार उच्च न्यायालयाला असल्याचे मान्य केले. तो अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. खून, बलात्कार, दरोडा अशा समाजाविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यांना तो मार्ग नाही. निकाल लागून गेल्यावर रद्द करण्यासारखे काही उरत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी हा दरवाजा आता बंद आहे. चार वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

शेवटी चुलतभावाचे. लोकअदालतीच्या दिवशी न्यायदंडाधिकारी लहान प्रकरणे निकाली काढण्यासाठी विशेष मोहीम घेतात, आणि लोकांना वाटते की दंड भरला म्हणजे वाहतुकीच्या पावतीसारखे प्रकरण मिटले. प्रत्यक्षात त्याने गुन्हा कबूल केला आणि तो दोषी ठरला. ३०० रुपये ही शिक्षा आहे. मीही वकिलीच्या पहिल्या वर्षांत तारखांच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून अशिलांना कबुली देऊन टाका असे सांगत असे. त्यातला एक मुलगा नंतर शासकीय नोकरीच्या उंबरठ्यावरून परत आला, तेव्हापासून वय पाहिल्याशिवाय आणि पुढे काय करायचे आहे हे विचारल्याशिवाय मी कोणालाही कबुलीचा सल्ला देत नाही. कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील केवळ शिक्षेपुरते होते. कबुली समजून न घेता दिली गेली असेल, तर सत्र न्यायालयात रिव्हिजन (निकालाच्या फेरतपासणीचा अर्ज) करता येते. त्याची मुदत ९० दिवसांची आहे आणि उशीर झाला असल्यास तो माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा लागतो. त्या वेळी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली ताकीद देऊन सोडण्याची विनंती केली असती, तर कलम १२ नुसार दोषसिद्धीने येणारी अपात्रता टळली असती, जरी दोषसिद्धीची नोंद तशीच राहिली असती. रिव्हिजनमध्ये ही विनंती पर्यायी म्हणून मांडता येईल. तोवर त्याने कोणत्याही नमुन्यात ही गोष्ट लपवू नये.

साक्षांकन नमुन्याची मुदत जवळ आहे, म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: उद्याच नकलेचा अर्ज, प्रत मिळताच पोलीस ठाण्यातला अर्ज, त्यानंतर पूर्ण माहिती लिहून नमुना, आणि समांतरपणे वयाचा अर्ज. वयाच्या अर्जाचा निकाल येईपर्यंत नमुना थांबवू नका. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ठरावीक उत्पन्नाखालील कुटुंबे यांना तिथून विनामूल्य वकील मिळतो. जाताना उत्पन्नाचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि दोषारोपपत्राच्या पहिल्या पानाची प्रत बरोबर न्या. त्या पहिल्या पानावर तुमच्या नावापुढे लिहिलेला १९ हा आकडा वकिलाला सर्वांत आधी दाखवा.